दांड्यांचा भात

ऑक्टोबर संपत आला की आमच्या किचनमध्ये काळा तांदूळ येतो. इथे त्याला वाइल्ड राइस म्हणतात. खरं तर तो तांदूळच नव्हे, तळ्यात उगवणाऱ्या गवताचं बी. सुईसारखं लांब, चहाच्या पत्तीसारखं काळं. तासभर रटरटलं की एकेक दाणा पोटात फाटतो आणि आतला पांढरा भाग बाहेर वळून येतो. मग चाळणीत निथळायचं, परातीत पसरायचं, गार होऊ द्यायचं. तोवर दुसऱ्या शेगडीवर मशरूम.

मशरूमशी घाई करून चालत नाही. आधी कोरडी कढई. तेल नाही, तूप नाही, मीठ तर नाहीच. पातळ चकत्या टाकल्या की त्या जरा चीं चीं करतात, मग पाणी सोडतात, मग तेच पाणी पुन्हा पिऊन टाकतात, आणि कडा तांबूस झाल्या की एक वास सुटतो. ओल्या मातीचा म्हणावा तर तसा नाही, भाजलेल्या दाण्यांचा म्हणावा तर तसाही नाही. तो वास आला की बाहेर विनिपेगची उघडी पडलेली झाडं असतात, खिडकीच्या काचेवर पहिलं दव गोठलेलं असतं, आणि मी इथे नसते. मी इंदूरला, मिलच्या चाळीतल्या आमच्या मागच्या खोलीत असते.

मी इथल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाकाला आहे. माझ्याकडे सॅलडं आणि ताटात कडेला वाढायच्या गोष्टी. आपल्या भाषेत सांगायचं तर डावी बाजू. मुख्य पदार्थ दुसरे करतात. बावीस वर्षं झाली, मी डावी बाजू सांभाळते आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. डावी बाजू नसेल तर जेवण घशाखाली उतरत नाही, हे इथल्या नव्वदीच्या म्हाताऱ्यांनाही कळतं. काळा भात, मशरूम, कांद्याची पात, आंबट लाल बोरांसारखी सुकवलेली क्रॅनबेरी, वरून लिंबू. वाटी पुसून परत येते. मी घाबरट बाई आहे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते तीन-तीनदा वाचते, गॅस बंद केला का ते बघायला दारातून परत येते. पण वाटी रिकामी परत आली की तेवढा वेळ बरं वाटतं.

हा तांदूळ कुणी पेरत नाही म्हणे. इथली मूळची माणसं होड्या घेऊन तळ्यात जातात, काठीने ताटं वाकवतात, दुसऱ्या काठीने हलकेच झोडपतात, दाणे होडीत पडतात. नांगर नाही, बैल नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात आलं, अरे, हा तर ऋषिपंचमीला चालेल! आई तेव्हा होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग पाठव ना किलोभर. इथे मोरधन किती महाग झालंय, तुला काय पता!" मोरधन म्हणजे भगर.

तर तो हिवाळा. नव्वदनंतरच्या त्या वर्षांतला. शहरात एकीकडे नवे शोरूम उघडत होते, घरांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या येत होत्या, आणि आमच्या बाजूला एकेका मिलचा भोंगा मुका होत होता. बाबांची मिल बंद पडली आणि माझी शाळा सुटली. आमच्या घरात ही दोन वाक्यं नेहमी जोडूनच बोलली जातात, जणू पहिल्यामुळे दुसरं झालं. बाबा तर घरी येईल त्याला सांगतात, "पोरीची शाळा माझ्यामुळे सुटली. हुशार होती." आज ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून सांगतात.

ते खरं नाही. मी दहावीच्या सहामाहीत गणितात नापास झाले होते. इंग्रजीतही काठावर. बोर्डाचं नुसतं नाव निघालं की मी विषय बदलायची. मला शाळा सोडायचीच होती, फक्त कारण सापडत नव्हतं. मिलने ते दिलं. साऱ्या चाळीवर आभाळ कोसळलं त्या वर्षी मला मनातून हायसं वाटलं होतं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. त्यांना ऐकू कमी येऊ लागलंय. सांगायचं तर आता, हे मला कळत होतं, आणि दर ऑक्टोबरात मी पुढच्या ऑक्टोबरावर ढकलत होते.

यंदा ढकलता आलं नाही, त्याला कारण डोना. ती आमची मुख्य स्वयंपाकीण, साठीची, सिगरेट सोडल्यापासून सतत गाजर खाणारी. ती निवृत्त होणार आहे आणि तिच्या मनात आहे की तिची जागा मी घ्यावी. त्यासाठी एक कोर्स करावा लागतो, आणि कोर्साचा फॉर्म. कुठलाही फॉर्म मी अजून आधी उलटा करून ठेवते. शिक्षण कितवीपर्यंत, असा रकाना होता. मी लिहिलं, नववी. आणि मग सवयीने बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं की वडिलांची कापडगिरणी बंद पडल्यामुळे.

डोनाने वाचलं, गाजर चावायचं थांबवलं. "हे काय?"

"शाळा का सुटली ते."

"पण ते कुणी विचारलंय?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं नव्हतं, व्हिसाच्या माणसाने विचारलं नव्हतं. सगळीकडे मी होऊनच बाबांना पुढे केलं होतं.

मिल बंद पडल्यावर बाबा पहिले काही महिने रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे. फाटकावर सगळे जमायचे, कुणी म्हणायचं सुरू होतेय, कुणी म्हणायचं विकली. मग एके दिवशी ते गेले नाहीत. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले. दसरा तसाच गेला, दिवाळी तशीच गेली. दिवाळीनंतर आई शेतकी खात्याच्या शिबिराला गेली, बेकार झालेल्या घरांतल्या बायकांसाठी होतं ते, आणि येताना चार बाटल्या घेऊन आली. बाटल्यांत ज्वारीचे दाणे आणि त्यांवर पांढरी बुरशी.

"हे काय आणलंस?" बाबांनी भिंतीकडूनच विचारलं.

"मशरूमचं बी. धिंगरी म्हणतात."

"कुकुरमुत्ते? घरात?"

"हो, घरात. याच खोलीत. तेव्हा उठा."

ते उठले नाहीत. आई भुसा भिजवायला लागली. अंगणात पिंपाखाली लाकडं पेटवून पाणी उकळायचं, त्यात गव्हाचा भुसा बुडवायचा, निथळायचा, प्लास्टिकच्या पिशव्यांत थर द्यायचे, भुशाचा एक, बियांचा एक. मी शाळेतून येऊन थर देत बसायची. आई सहज बोलून गेली, "ओल फार लागते म्हणे याला. ऐंशी टक्के सांगितलीय."

बाबा वळले. "किती?"

"ऐंशी."

"अगं, मग हे साचाखातंच झालं की!"

साचाखातं म्हणजे मिलमध्ये जिथे मागांवर कापड विणतात ते खातं. तिथे हवा कोरडी पडली की सूत तुटतं. तेवीस वर्षं बाबांनी तिथे ओल राखण्यात काढली होती. त्यांना यंत्र लागत नसे, आत पाऊल टाकलं की मनगट वर करायचे आणि सांगायचे, कमी आहे, जास्त आहे. त्या दिवशी ते अंथरुणावर उठून बसले आणि आईला म्हणाले, "टाट आण. बोरे फाड. विटा आहेत ना मागे?" खोलीतली त्यांची खाट त्यांनीच बाहेर काढली. फाडलेले बोरे, म्हणजे पोती, ओली करून भिंतींवर टांगली, जमिनीवर विटा आणि वाळू भिजवली, खिडकी बंद केली, फटींवर कागद चिकटवले. वीस पिशव्या छताच्या वाशाला लटकल्या. सकाळ-संध्याकाळ ते आत जायचे, दार लावून घ्यायचे, मनगट वर करायचे. आई स्वयंपाकघरातून मला डोळ्याने खुणवायची, बोलू नकोस, करू दे.

पंधरा दिवसांत पिशव्या आतून पांढऱ्या झाल्या. बाबांनी एक पिशवी उजेडाकडे धरली आणि मला जवळ बोलावलं. "ही तार बघ. कशी एकातून एक गेली आहे. कुठे तुटलेली दिसते तुला?" मला बुरशी दिसत होती. त्यांना वीण दिसत होती.

आणि मग पीक आलं. मी आजही हसते आणि मग हसताना थांबते. वीत वीत लांब पांढऱ्या दांड्या, आणि टोकाला टोपी म्हणावी तर टाचणीच्या डोक्याएवढी. वीसच्या वीस पिशव्यांवर असलं केसाळ काहीतरी. आईने शिबिरातल्या पाटीदारजींना बोलावून आणलं. त्यांनी दार उघडलं, आतली वाफ तोंडावर आली, आणि ते खिडकीकडे बघून हसायलाच लागले. "अरे भिया, ये मिल नी है! इसको साँस भी लगती है. आपने तो बिचारे को बंद कर दिया, वो हवा ढूँढते-ढूँढते लंबा हो गया."

अर्धी चाळ दारात उभी होती. कुणीतरी हसलं. मला वाटलं आता बाबा खाट परत आत नेतील. ते खिडकीपाशी गेले आणि फटींवरचे कागद नखांनी काढायला लागले. एकेक पट्टी, सावकाश. मग खिडकी उघडून तिथेच पाठमोरे उभे राहिले. "तेवीस वर्षं आम्ही पण तसेच होतो," एवढंच म्हणाले. पाटीदारजींचं हसू तिथेच विझलं. जाताना ते बाबांशी हात मिळवून गेले.

दुसऱ्या खेपेला टोप्या आल्या, पंख्यासारख्या, एकावर एक. पण त्याआधीच्या दांड्यांचं काय? टाकतील तर ती आई कसली! तिने दांड्या हाताने उभ्या चिरल्या, कोरड्या कढईत भाजल्या, सकाळचा गार भात मोकळा करून त्यात घातल्या. दाण्याचं कूट, कांदा, कोथिंबीर, दोन चमचे दही, वर मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी आणि चिमूटभर जीरावन. जीरावन म्हणजे इंदूरकर पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. आमच्याकडे तो कशावरही पडायचा. कोशिंबीर म्हणावी तर भात जास्त, भात म्हणावा तर गार.

"हे डावीकडे वाढायचं की उजवीकडे?" बाबांनी विचारलं.

"ताटात दुसरं काही आहे का? मध्ये वाढते."

बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी. दांड्या जरा चिवट होत्या, दाताखाली कुरकुरायच्या, आणि भाताच्या मऊपणात ते फार छान लागायचं. नंतर मी पुष्कळ मशरूम खाल्ले, शिजवले, पण ती चव दांड्यांचीच होती. ती चूक झाली नसती तर चाखायला मिळाली नसती.

शेजारच्या मालवीयभाभी मात्र वाटी लांब धरून विचारायच्या, "दीदी, ये नॉनवेज तो नी है ना?" आई म्हणायची, "भूसे पे उगा है, भाभी. भूसा तो आपकी गाय भी खाती है." भाभी वाटी ठेवून घ्यायच्या, पण खायच्या कधी ते दिसलं नाही.

चाळीत कुणी विकत घेत नव्हतं. आई मला घेऊन तुकोगंजला गेली, इनामदारकाकूंकडे. काकूंचे सासरे दरबारात मानकरी होते. आता बंगल्याचा पुढचा भाग एका कंपनीच्या ऑफिसला दिलेला आणि मागच्या स्वयंपाकघरात काकू पार्ट्यांच्या ऑर्डरी घेत. पैसे नवे आले होते शहरात, आणि नव्या पार्ट्यांना सॅलडचं वेगळं टेबल हवं असे. काकूंनी धिंगरी हातात घेऊन हुंगली, आणि आईने डब्यातून नेलेला दांड्यांचा भात चाखला. परत चाखला.

"जीरावन काढ यातलं. आणि मीठ आधी नाही घालायचं गं, मीठ आधी पडलं की सगळं रडायला लागतं. शेवटी, वाढायच्या आधी. कळलं का?" हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग टोमॅटो पोखरून त्यात तो भात भरला आणि बशीत मांडला. "हे बघ, सॅलड म्हणजे आपली कोशिंबीरच. फक्त तिला इंग्रजी कपडे घालून वेगळ्या टेबलावर उभी करायची. घाबरायचं काय त्यात?"

मला तोवर कुणी इतक्या सोप्या शब्दांत काही शिकवलं नव्हतं. मला ते पहिल्यांदाच ऐकून कळलं होतं. मी रविवारी जायला लागले, मग शनिवार-रविवार. काकडीची साल पट्ट्यापट्ट्यांनी काढायची, बीट सगळ्यात शेवटी मिसळायचं, भात कोमट असतानाच त्याला लिंबू चोळायचं म्हणजे आतपर्यंत जातं. माझे हात चुकत नव्हते. वहीत जी चुकते ती मीच का, असं वाटायचं.

सहामाहीचे पेपर मिळाले ते त्याच दिवसांत. गणिताच्या पेपरवर पालकांची सही आणायची होती. घरी आले तर बाबा अंगणात पिंपाखाली जाळ करत होते, भुशाची नवी खेप होती. ते पाण्याची बादली आणायला नळावर गेले. मी पेपर चार घड्या करून जाळात घातला. परत आल्यावर बाबा म्हणाले, "वा, जाळ चांगला धरलाय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "बाबा, मी आता शाळेत नाही जाणार. काकूंकडे माझी गरज आहे. घरालाही बरं पडेल."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं असेल, मला अजून माहीत नाही. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून माझ्याजवळ आले, उष्टा हात मागे धरून डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझ्यामुळे," ते म्हणाले. तेव्हा नाही म्हणायचं होतं. तेवढाच क्षण होता. मी मान खाली घालून भात खात राहिले, आणि तो भात मला गोड लागला. हे लिहिताना लाज वाटते, पण लागला.

त्या खोलीतली धिंगरी दोन हिवाळे चालली. मग बाबांना महूला एका गोदामात काम मिळालं. काकूंनी मला सात वर्षं सांभाळलं, माझ्या लग्नाआधी केळवण त्यांनीच केलं. त्या नसत्या तर मी आज कुठे असते कुणास ठाऊक. मी ज्यांची ऋणी आहे अशी माणसं मोजायला बसले तर शाळेची घंटा होईस्तोवर संपणार नाहीत. पण एका माणसाला मी चुकीचं ओझं देऊन ठेवलं होतं.

डोनाचा तो प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. रविवारी सकाळी, इंदूरला संध्याकाळ असताना, मी फोन लावला. बाबा धाकट्या भावाकडे, अनिलकडे असतात. तब्येत, थंडी, अनिलच्या मुलीचं कॉलेज, सगळं झालं. मग मी मोठ्याने, ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, शाळा मी माझ्या मनाने सोडली होती. मिलमुळे नाही. मी गणितात नापास झाले होते. पेपर जाळला होता, तुमच्याच पिंपाखाली."

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "तीस वर्षं, सुमे? तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. तुझ्या आईला मरताना सांगितलं की पोरीचं मी वाटोळं केलं. आणि तू ऐकत होतीस?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

संध्याकाळी अनिलचा मेसेज आला. ताई, काय बोललीस तू? बाबा बोलत नी आहेत. पोहे पण तसेच ठेवले. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी दोन्ही दिवस भात जास्त शिजवला, मशरूम करपवले. डोना म्हणाली, घरी जा. मी गेले नाही. घरी जाऊन काय करणार होते? मी मनाशी म्हणत होते, आपलं मन हलकं करायला आपण एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगितलं का? आधी त्यांना खोटं ओझं दिलं, आता ते काढून घेऊन रिकामं केलं.

बुधवारी सकाळी परातीत भात पसरत असताना फोन वाजला. बाबा स्वतः कधी फोन लावत नाहीत. हात न पुसताच मी उचलला.

"किती होते?" ते म्हणाले.

"काय किती?"

"नंबर. गणितात."

"अकरा."

"पन्नासात?"

"शंभरात, बाबा."

मग पलीकडून काहीतरी आवाज आला, मला वाटलं खोकताहेत. "अकरा!" ते म्हणाले. "अगं, मी चौथी शिकलेला माणूस. अकरा तर मी पण आणले असते गं!"

"हो, बाबा."

"म्हणजे मिल चालू असती, तरी तू..."

"तरी सोडली असती."

"पक्कं?"

"पक्कं."

"आईला सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी हो म्हटलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आवाज आला, आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या कुणाला तरी बाबांनी हाक मारली, "ओ भिया! अरे सुनो तो! मेरी लड़की गणित में फेल हुई थी! ग्यारह नंबर! मिल-विल का कुछ नी था!"

मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं मोठ्याने बोलतात. मिल सुटल्यापासून बाबा मात्र हळू बोलत आले होते, इतके की ते त्यांच्या स्वभावातच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. त्या सकाळी मला फोन कानापासून लांब धरावा लागला.